स्वार आणि मोतद्दार : एक विस्मृत नाते

आपल्या ज्ञातिमंडळाच्या स्मरणिकेसाठी यंदा काहीतरी ऐतिहासिक लिहावे, अशी आज्ञा संपादक-मंडळाने आम्हांस केली. निवृत्त शिक्षकास अशी आज्ञा मोडवत नाही. विषय कोणता घ्यावा याचा विचार चालू असतानाच एका लहानशा प्रसंगाने तो आमच्यापुढे आणून ठेवला. तो प्रसंग आधी सांगतो.

मंडळाच्या वधूवर-परिचय-सूचीचे अर्ज तपासण्याचे काम गेल्या खेपेस आमच्याकडे होते. एका अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात प्रथम 'घोडागाडी' असे स्वच्छ अक्षरांत लिहिलेले होते. पुढे तो शब्द दोन रेघा ओढून खोडला होता आणि त्यावर बारीक अक्षरांत 'स्वतंत्र धंदा' असे लिहिले होते. मुलगा पदवीधर, नोकरीस लागलेला, घराणे सरळ. पण वडील अलिबागच्या किनाऱ्यावर घोडागाडी चालवितात, हे छापून यावे असे त्या घरास वाटले नाही. तसे न वाटण्यास कारणही असावे. मुलीकडच्या मंडळींनी असा शब्द वाचून पान उलटल्याचे आम्ही स्वतः पाहिले आहे.

आता मौज अशी की, आपल्या स्मरणिकांचे जुने अंक चाळले तर त्यांत पूर्वजांच्या घोड्यांच्या टापा सतत ऐकू येतात. कोणाचे मूळ पुरुष घोडदळात होते, कोणाचे पागेत होते, कोणी दौडीवर गेले होते. ज्या ज्ञातीस घोड्यावर बसलेल्या पूर्वजांचा एवढा अभिमान, त्याच ज्ञातीत घोड्याचा लगाम हाती धरून पोट भरणाऱ्याने आपला धंदा खोडून टाकावा, ही विसंगती आम्हांस अस्वस्थ करून गेली. म्हणून घोडा आणि मनुष्य यांचा एकमेकांवरील विश्वास कसा उत्पन्न होतो, तो आपल्या इतिहासात कोणी जोपासला, आणि त्या श्रेयाचा वाटेकरी खरोखर कोण, याचा यथामति विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम त्या प्राण्याचा स्वभाव पाहू. घोडा बलवान आहे, पण शूर म्हणावा असा नाही. हिंस्र श्वापदांचे भक्ष्य होऊन ज्याच्या पिढ्यान्‌पिढ्या गेल्या, तो प्राणी शंका आली की आधी पळतो आणि मग विचार करतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असतात. त्यामुळे मान न वळविताही त्यास जवळजवळ चहूकडचे दिसते. दिसत नाही ते दोनच ठिकाणचे : कपाळाच्या अगदी समोर नाकाशी असलेले आणि शेपटीच्या थेट मागचे. म्हणून जाणता मनुष्य घोड्याकडे मागून जात नाही, समोरून एकदम तोंडाशी हात नेत नाही. तो खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जातो. त्वचा अशी नाजूक की अंगावर बसलेली माशी त्यास कळते व तेवढाच भाग तो थरथरवितो. मग पाठीवर बसलेल्या स्वाराच्या मांडीची भीती, हाताची घाई आणि श्वासाची धाप त्यास कळत नसेल काय? कळते. स्वार घाबरला की घोडा घाबरतो. आणि घोड्यास हे ठाऊक नसते की स्वार घोड्यासच घाबरला आहे. त्यास वाटते, समोर काही संकट आहे.

घोड्याशी बोलण्याची भाषा मुख्यतः हाताची, बैठकीची व आवाजाची. तिचे व्याकरण एका वाक्यात सांगता येते. लगामाची ओढ लागल्याने घोडा शिकत नाही. ओढ सुटल्याने शिकतो. लगाम किंचित ताणला, घोड्याने मान वळविली आणि त्याच क्षणी हात सैल झाला, म्हणजे त्यास समजते की मागितले ते हेच. हात सैल झालाच नाही, तर ज्या गोष्टीसाठी ओढ होती ती करूनही सुटका नाही असे त्यास वाटते. तोंड कठीण होते आणि अखेरीस तो कोणाचेच ऐकेनासा होतो. दुसरी गोष्ट स्पर्शाची. मान जेथे पाठीस मिळते तेथे दोन घोडे एकमेकांस दातांनी खाजवितात. त्याच ठिकाणी मनुष्याने खाजविले तर घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असे शास्त्रज्ञांनी मोजून पाहिले आहे. आमचा जुना मोतद्दार हे मोजल्यावाचून जाणत होता. खरारा करताना त्या जागी त्याचा हात थोडा अधिक रेंगाळे.

आणि तिसरी गोष्ट नित्यपाठाची. भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडले, हे कोडे आपण सर्वांनी लहानपणी ऐकले आहे. तिन्हींचे उत्तर एकच : न फिरविल्यामुळे. आपल्या आज्यांनी चुलीपाशी बसून सांगितलेल्या त्या एका शब्दात अश्वविद्येचा अर्धा ग्रंथ सामावला आहे. घोडा दुष्टपणाने अडत नाही. त्यास रोज फिरविले नाही, त्याच्याशी रोजचा संबंध ठेवला नाही, म्हणून तो अडतो.

ही विद्या आपल्याकडे प्राचीन आहे. अश्वशास्त्रास शालिहोत्र हे नावच पडून गेले. पांडव विराटाघरी अज्ञातवासात राहिले तेव्हा नकुलाने अश्वपालाचे काम पत्करले. राजपुत्रास ते हलके वाटले नाही. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने रचलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात घोड्यांची परीक्षा व अश्वक्रीडा यांचे सविस्तर प्रकरण आहे. तिकडे ग्रीस देशात झेनोफन या सेनानीने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात अश्वारोहणावर पुस्तक लिहिले आणि रागाच्या भरात घोड्यास कधीही हात लावू नये असे त्यात बजाविले. देश निराळे, काळ निराळे. अनुभव मात्र एकच.

पण आम्हांस सर्वांत अधिक भावते ते महाभारतातील द्रोणपर्वातले एक दृश्य. जयद्रथवधाचा दिवस आहे. सूर्य कलू लागला आहे, घोडे बाणांनी विद्ध होऊन थकले आहेत. अर्जुन रथातून उतरून शत्रूस थोपवून धरतो, बाणाने भूमी भेदून जलाशय निर्माण करतो; आणि भर रणांगणात श्रीकृष्ण घोडे सोडतो, त्यांच्या अंगांतील शल्ये काढतो, त्यांस चोळतो, पाणी पाजतो आणि मग पुन्हा जुंपतो. गीता सांगणाऱ्या भगवंताने त्या दिवशी मोतद्दाराचे काम केले. आपण मात्र रथारूढ कृष्णाची तसबीर भिंतीवर लावतो आणि घोडे चोळणाऱ्या कृष्णास विसरतो.

आता आपल्या इतिहासाकडे वळू. मराठी फौजेत स्वार दोन प्रकारचे. स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. सरकारी पागेतील घोडा ज्यास मिळे तो बारगीर. शिवछत्रपतींचा भर पागेवर होता. सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. हा शेवटचा तपशील आपण घाईने वाचून पुढे जातो. वस्तुतः तेथेच थांबावयास हवे. पाणी आणणारा आणि नाल ठोकणारा यांची गणना ज्या राज्यात लष्कराच्या रचनेतच केलेली होती, त्या राज्याच्या घोड्यांनी दौडी मारल्या यात नवल नाही. दसऱ्यास फौजेने बाहेर पडावे, आठ महिने परमुलखात राहावे आणि पावसाळ्यास छावणीत परतावे. परतण्यापूर्वी तेथे दाणा, वैरण, औषधे आणि गवताने शाकारलेली घरे सिद्ध असावीत, असा क्रम त्याच बखरीत सांगितला आहे.

आपण कोकणवासी आहोत. येथला पाऊस घोड्यास मानवत नाही, हे आपणांस निराळे सांगावयास नको. सततच्या ओलीने खूर मऊ पडतात, ओल्या वैरणीस बुरशी धरते, माश्यांचा उपद्रव होतो. अशा मुलखात चार महिने घोडी सांभाळणे म्हणजे लढाईहून कठीण काम. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळ छावणीस राहिलेल्या लष्करातील जुमलेदार, हवालदार व कारकून यांस महाराजांच्या आज्ञेने लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेस त्रास देऊ नये, तिच्या भाजीपाल्यासही हात लावू नये, या उपदेशासाठी त्याचा नेहमी उल्लेख होतो आणि तो योग्यच आहे. परंतु ते पत्र मुळात घोड्यांच्या वैरणीविषयी आहे. साठविलेला दाणा व गवत पावसाळाभर पुरले पाहिजे. आज हात सैल सोडून उधळाल, तर ऐन पावसात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग तुम्ही रयतेच्या घरांत शिराल, असा त्यातील युक्तिवाद आहे. रात्री दिवा जळत राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंज पेटेल, येथपर्यंत त्यात सावधगिरी सांगितली आहे.

ज्याच्या मस्तकावर छत्र धरले जावयाचे, त्या राजाने उंदराच्या तोंडातील वातीचा विचार करावा, हे आम्हांस कोणत्याही लढाईइतके मोठे वाटते. विश्वास हा शब्द त्या पत्रात घोड्यास उद्देशून आलेला नाही. पण विश्वासाची सारी सामग्री त्यात आहे. घोड्याचा मनुष्यावर विश्वास बसतो तो ठरल्या वेळी तोबरा तोंडास लागतो म्हणून. रयतेचा राज्यावर विश्वास बसतो तो त्या तोबऱ्यासाठी तिचे घर लुटले जात नाही म्हणून. दोन्ही विश्वास एकाच कोठारात साठविलेले होते.

आमच्या अलिबागेशीही मराठी घोडदळाचा संबंध आहे. आपण कुलाब्यास आरमाराचा किल्ला म्हणून ओळखतो आणि सरखेल कान्होजी आंगऱ्यांचे नाव निघताच डोळ्यांपुढे गलबते येतात. परंतु १७२१ च्या डिसेंबरात इंग्रज व पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर चाल केली, तेव्हा सरखेलांच्या साह्यास पिलाजी जाधवराव आणि पाठोपाठ स्वतः बाजीराव पेशवे घोडदळानिशी कोकणात उतरले. शत्रूची ती मोहीम फसली आणि १७२२ च्या जानेवारीत पोर्तुगीजांशी तह झाला. घाटावरून येथवर येणारे ते घोडे क्षणभर डोळ्यांपुढे आणावेत. तीव्र उतारावर स्वाराने पाठीवर बसून राहणे हा घोड्याशी द्रोह. तेथे पायउतार होऊन लगाम सैल धरून पुढे चालावे लागते. पुढे चालणाऱ्या मनुष्याचे पाऊल पाहून घोडा आपले पाऊल टाकतो. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

याच बाजीरावांविषयी एक आख्यायिका ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात दिली आहे. निजामाने आपला चित्रकार पाठविला आणि बाजीराव ज्या स्थितीत प्रथम दिसेल त्या स्थितीत त्याचे चित्र काढून आण, असे सांगितले. चित्रात आले ते असे : साध्या शिपायाप्रमाणे घोड्यावर बसलेला पेशवा, खांद्यावर भाला, घोड्याच्या तोबऱ्यात अगाडी-पिछाडीचे दोर भरलेले, आणि स्वारी चालू असताना जोंधळ्याची कणसे दोन्ही हातांनी चोळून तो दाणे खात आहे.

ही कथा सांगून लोक बाजीरावांच्या साधेपणाची स्तुती करतात. आम्ही वर्गात ती अनेक वर्षे तशीच सांगितली. पण घोड्याच्या बाजूने ती वाचली म्हणजे दोन निराळ्या गोष्टी दिसतात. कणसे दोन्ही हातांनी चोळली जात आहेत; म्हणजे लगाम हाती धरलेला नाही, आणि तरीही घोडा शांतपणे चालला आहे. दुसरी गोष्ट तोबऱ्यातील दोरांची. मुक्कामावर घोडा बांधण्याचे दोर आणि त्यास दाणा चारण्याची पिशवी ही मोतद्दाराची सामग्री. ती पेशव्याच्या स्वतःच्या खोगिराशी आहे. पहिली गोष्ट दुसऱ्या गोष्टीवाचून घडत नाही. ज्याच्या तोबऱ्याची काळजी तुम्ही वाहता, तोच घोडा तुम्हांस दोन्ही हात मोकळे देतो.

याच्या उलट चित्रही आपल्याच इतिहासात आहे. पानिपतावर मराठी फौज दोन महिन्यांहून अधिक काळ कोंडली गेली. रसद तुटली, वैरण संपली, घोडे उपासाने मरू लागले. १४ जानेवारी १७६१ रोजी जी फौज छावणीबाहेर पडली तिच्यातील माणसे शूर होती. पण तिचे घोडे आधीच हरलेले होते. त्या दिवशीच्या पराभवाची कारणे इतिहासकारांनी अनेक सांगितली आहेत. त्यांत रिकाम्या तोबऱ्याचे कारण लहान नव्हे.

घोडा मनुष्यास किती बारकाईने वाचतो, याचे एक परदेशी उदाहरण येथे देणे उचित होईल. त्यातील मुख्य पात्र आमच्याच धंद्यातील आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिन शहरात फॉन ऑस्टेन नावाचे एक वृद्ध निवृत्त शिक्षक होते. त्यांनी आपल्या हान्स नावाच्या घोड्यास गणित शिकविले. बेरीज विचारली की घोडा खुराने तितके ठोके देई. १९०४ साली विद्वानांच्या समितीने तपासणी केली. तीत लबाडी आढळली नाही. पुढे फुंग्स्ट नावाच्या संशोधकाने १९०७ साली कोडे उलगडले. प्रश्न विचारणाऱ्यास स्वतःस उत्तर ठाऊक नसले, अथवा तो घोड्याच्या दृष्टीआड उभा राहिला, की हान्स चुकत असे. घोडा अंक मोजत नव्हता. तो गुरुजींचे शरीर वाचत होता. ठोक्यांची बरोबर संख्या झाली की विचारणाऱ्याचे डोके नकळत तसूभर हले, आणि घोडा थांबे. लोक म्हणाले, घोडा अज्ञानी ठरला. आम्हांस तसे वाटत नाही. जे मनुष्याने स्वतः स्वतःविषयी जाणले नव्हते, ते घोड्याने जाणले होते. अशा प्राण्यापुढे ढोंग चालत नाही. मनात क्रोध ठेवून ओठांवर गोड शब्द आणले तरी त्यास क्रोधच कळतो.

अशा या प्राण्याचे राज्य पुढे यंत्राने घेतले, आणि त्या स्थित्यंतराची एक खूण आपल्या अलिबागेतच उभी आहे. मुंबईत १८७४ साली ट्रामगाड्या सुरू झाल्या त्या घोड्यांच्या. त्यांच्या जागी विजेच्या ट्राम आणावयाचे ठरले, तेव्हा विजेच्या प्रवाहाने मुंबईच्या कुलाब्यातील वेधशाळेची चुंबकीय मापने बिघडणार, अशी चिंता उत्पन्न झाली. म्हणून नानाभाई फ्रामजी मूस यांच्या देखरेखीखाली १९०४ साली अलिबागेस चुंबकीय वेधशाळा आली. तिच्यावरून जातायेता आम्हांस वाटते, मुंबईच्या ट्रामचे घोडे निघाले म्हणून ही आमच्या गावी आली. पुढे मुंबईतील व्हिक्टोरिया गाड्याही मागे पडल्या. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने हौसेच्या फेऱ्यांसाठी चालणाऱ्या व्हिक्टोरिया बेकायदा ठरविल्या. घोड्यांची हेळसांड होते, त्यांस नीट तबेले नाहीत, हे त्यामागील गाऱ्हाणे होते. हे आम्ही मुद्दाम सांगतो. घोड्याच्या धंद्याची बाजू घेताना त्यातील पाप झाकून ठेवणे आम्हांस मान्य नाही. उपाशी, लंगडत्या घोड्यास चाबकाखाली पळविणारा मनुष्य बाजीरावांचा वारस नव्हे आणि मोतद्दाराचाही नव्हे.

तथापि आपल्या जिल्ह्यात, ज्याचे कुलाबा हे नाव १९८१ साली बदलून रायगड झाले, घोडा अद्याप कामात आहे. माथेरानात मोटारीस मज्जाव असल्याने घोड्यांचा उपयोग होतो. आणि आपल्या किनाऱ्यावर, ओहोटीच्या वेळी, घोडागाड्या माणसे घेऊन कुलाब्याच्या किल्ल्यापर्यंत जातात. ओल्या वाळूतून, खडकांच्या कडेने आणि कधी ओंजळभर, कधी गुडघाभर पाण्यातून ती वाट आहे. ती दिवसातून ठरावीक वेळच उघडते, आणि ती वेळ समुद्र ठरवितो.

आम्ही नोकरीत असतानाची गोष्ट. एकदा मुलांस घेऊन किल्ल्यावर गेलो होतो. सिद्धिविनायकाचे दर्शन झाले, गोड्या पाण्याची पुष्करणी झाली. तटावरच्या तोफांपाशी मुले अधिक वेळ रमली आणि त्यांस हाकण्यात आम्हीही कमी पडलो. निघालो तेव्हा भरती लागली होती. दोन गाड्या होत्या. येताना कोरडी असलेली एक जागा आता पाण्याखाली गेली होती आणि उतरत्या उन्हात ते पाणी आरशासारखे चकाकत होते. पुढचा घोडा त्या पाण्याच्या कडेस येऊन थांबला. कान ताठ, नाकपुड्या फुललेल्या, पाय रोवलेले. गाडीतील मुले ओरडू लागली, "मारा, मारा चाबूक!" त्यांत भीतीही होती आणि मौजही.

गाडीवाल्याने चाबूक उचलला नाही. तो आम्हांस म्हणाला, "गुरुजी, पोरांना गप करा जरा. त्याला माझा आवाज येत नाय."

मुले गप्प झाली. तो खाली उतरला, गुडघाभर पाण्यात पुढे गेला, आणि घोड्याकडे पाठ करून, काहीतरी पुटपुटत, सावकाश चालू लागला. लगाम हातात होता, पण सैल होता. घोड्याने मान लांब करून त्याच्या खांद्याचा वास घेतला. मग एक पाऊल टाकले, मग दुसरे. मागची गाडी पुढच्या गाडीच्या मागोमाग आली. किनाऱ्यास लागल्यावर आम्ही त्यास विचारले, तेव्हा तो म्हणाला, "त्याला तळ दिसत नाय गुरुजी. मला दिसतो असं त्याला वाटतं. मी पाण्यात उतरलो का मग त्याला भरवसा येतो."

घाट उतरणारा स्वार आणि हा गाडीवाला यांत आम्हांस अंतर दिसेना. आपण ज्या पाण्यात दुसऱ्यास घालतो त्यात स्वतः आधी उतरावे, हा नेतृत्वाचा पाठ आम्ही वर्गात अनेकदा शिकविला होता; पण तो कोणी आचरताना त्या दिवशी पाहिला. त्याच वेळी आम्हांस आमच्या छडीची आठवण झाली. अडलेल्या मुलावर ती किती वेळा उगारली गेली, आणि त्या मुलास पाण्याचा तळ दिसत होता की नाही हे आम्ही किती वेळा विचारले, याचा हिशेब मनाशी मांडला. तो सुखद नव्हता.

आता शेवटचे, घरगुती म्हणावे असे. आमच्या घरी परंपरेने सांगितले जाई की, आमचे एक पूर्वज आंगऱ्यांच्या पागेत होते. आंगऱ्यांचे संस्थान १८४० साली खालसा झाले. तेव्हा गोष्ट त्यापूर्वीची. शाळकरी वयात आम्ही 'माझे पूर्वज' या विषयावर निबंध लिहिला आणि त्यात त्यांच्या हाती तलवार दिली, डोक्यास मंदील बांधला, त्यांस शत्रूवर तुटून पडावयास लावले. मोठ्या अभिमानाने तो निबंध आजीस वाचून दाखविला. ती दळण दळत होती. ऐकून घेतले आणि हसून म्हणाली, "अरे, तलवार कुठली? त्यांच्या हाती खरारा होता. घोड्यांची उस्तवार करायचे ते. पण धन्याचा घोडा त्यांच्या हातचाच दाणा खाई म्हणे, दुसऱ्याच्या हाताला तोंड लावीत नसे."

आम्ही त्या दिवशी फार हिरमुसलो. तो निबंध आम्ही तसाच, तलवारीसकट, वर्गात दिला आणि त्यास चांगले गुण मिळाले. त्यानंतर आयुष्यभर, कोणी घराण्याचा विषय काढला की 'पागेत होते' एवढेच सांगून आम्ही थांबत आलो. म्हणजे, वाचकहो, तो अर्ज लिहिणाऱ्याने एका शब्दावर जी रेघ ओढली, ती आम्ही पन्नास वर्षे रोज ओढीत होतो. फरक एवढाच की आमची रेघ कोणास दिसली नाही.

शिलेदार, बारगीर, पागनीस, नालबंद, चाबुकस्वार ही आडनावे महाराष्ट्रात आजही नांदतात. मोतद्दार हे आडनाव मात्र आमच्या कानावर आले नाही. ज्याच्या हातचा दाणा घोडा खाई, त्याचे नाव कोणी पुढे चालविले नाही. स्वाराचा पराक्रम बखरीत लिहिला गेला. पण ज्या घोड्याने ऐन गर्दीत स्वारास दगा दिला नाही, त्या घोड्यास माणसावर भरवसा ठेवावयास कोणी शिकविले होते? पहाटे उठून लीद काढणाऱ्याने, खूर तपासणाऱ्याने, पोटात दुखू लागले तर रात्रभर त्यास फिरविणाऱ्याने. भरवसा खोगिरावर बसून मिळत नाही. तो खाली, जमिनीवर उभे राहून, रोज थोडा थोडा मिळवावा लागतो. एकदा मिळविला म्हणजे मग वर बसणारा कोणीही त्यावर दौड करू शकतो आणि त्यासच आपला पराक्रम समजतो.

ज्ञातिबांधवांस व भगिनींस आमची विनंती दोन गोष्टींची आहे. आपल्या कुळांचा इतिहास लिहिताना घरातील वृद्धांनी जे सांगितले असेल तेच लिहावे. खरारा सांगितला असेल तर त्याची तलवार करू नये. आणि दुसरे, पुढील परिचय-सूची छापली जाईल तेव्हा तीत कोणासही आपला धंदा खोडावा लागू नये, असे आपण सर्वांनी वागावे. मुलीच्या वडिलांनी विचारावयाचेच असेल तर एवढे विचारावे की, घोड्यास वेळेवर दाणा-पाणी मिळते काय, दुपारच्या उन्हात सावली मिळते काय, आणि चाबूक किती वेळा उचलला जातो. या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली तर ते घर मुलगी देण्यास योग्य आहे, असे आम्ही स्वानुभवाने सांगतो. मुक्या प्राण्याचा भरवसा ज्याने मिळविला, त्याच्या घरात बोलत्या माणसाची हेळसांड सहसा होत नाही.

तो अर्ज आमच्याकडे अद्याप आहे. त्या गृहस्थांची अनुमती मिळाल्यास पुढच्या खेपेस त्या रकान्यात त्यांचा पहिलाच शब्द छापावा, अशी आमची इच्छा आहे. आणि आमच्या स्वतःच्या घराण्याच्या नोंदीत, जेथे आजवर 'पागेत होते' एवढेच छापून आले, तेथे यंदापासून 'आंगऱ्यांच्या पागेत मोतद्दार होते' असे पुरते वाक्य छापावे, असे आम्ही संपादक-मंडळास लिहून कळविले आहे.

लेखनसीमा.